ढग हटायची वाट पाहू नकोस

संगमनेर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोला गेलो, डोंगर धड दिसलाच नाही, दिवस फुकट गेला, फोटो डिलीट करतोय, असं लिहिलं आहेस. फोनवर हे दोन मिनिटांत उरकलं असतं. पण मला यावर निवांत बोलायचंय, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या मनात कोणता फोटो होता ते मला माहीत आहे. पुढे कूपल नदीचा छोटा धबधबा, मागे टोकदार त्रिकोणासारखा बुआखल एटिव्ह मोर डोंगर, वर निळं आकाश. कॅलेंडरवर, बिस्किटांच्या डब्यावर, सगळीकडे तोच. तू तेवढाच मागायला गेलास, म्हणून बाकीचं समोर असून तुला दिसलं नाही, असं मला वाटतं.

आधी उजेडाचं सांगते. ग्लेनको ५६ अंश अक्षांशाच्याही वर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर येतो आणि दिवस सात तासांचाही भरत नाही. त्याच दिवशी आपल्याकडे सूर्य दुपारी ४५ अंशांच्या वर असतो. आपल्या डोंगरांवर जो तिरपा उजेड उगवतीनंतर तासाभरात संपतो, तो तिथे हिवाळ्यात दिवसभर टिकतो. फक्त तो कुठून येतोय हे बघायला हवं. धबधब्यापाशी उभं राहिलं की डोंगराची पूर्व-ईशान्येकडची बाजू दिसते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे सकाळी ऊन त्या कड्यावर आडवं पडतं. घळी सावलीने भरतात, कड्याची एकेक धार सुटी होते. दुपारी सूर्य दक्षिणेला सरकला की तीच बाजू सावलीत जाते. तू पोचलास साडेबाराला, तेही जानेवारीत. आकाश निरभ्र असतं तरी तुला निळसर, सपाट भिंतच मिळाली असती. जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि ऊन थेट कड्याच्या तोंडावर येतं. तेव्हा रंग भरपूर, पण उठाव नाही. मला स्वतःला हिवाळ्याची सकाळच आवडते.

रंगाबद्दलही ऐक. आपला बसाल्ट काळा, उजेड पिऊन टाकणारा. बुआखलचा खडक रायोलाइट आहे, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा, आणि त्यात गुलाबी झाक आहे. ग्लेनकोचा हा सगळा भाग म्हणजे खाली खचलेला जुना ज्वालामुखी, हे तिथल्या भूवैज्ञानिकांनी १९०९ मध्येच मांडलं होतं. कोवळं ऊन पडलं की तो खडक लाल होतो, आणि ओला असेल तर चमकतो. चमक जास्त वाटली तर पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, थोडा फिरव, पण पूर्ण मारू नकोस. ओल्या कड्याची ओल फोटोत दिसायलाच हवी.

आता हवेचं. अटलांटिकवरून येणारा ओला वारा या डोंगरांना अडतो, वर चढतो, गार होतो, ढग बनतो. सह्याद्रीत घडतं तेच. पण आपल्याकडे आषाढात कळसूबाईवर ढग बसला की बसला, चार-चार दिवस हलत नाही. तिथे एकामागून एक आघाड्या, म्हणजे गार आणि उबदार हवेच्या सीमा, येतात. शीत आघाडी ओलांडून गेली की वारा वायव्येकडून येऊ लागतो, हवा लख्ख होते आणि पाऊस तुकड्यातुकड्यांनी पडतो. दोन सरींच्या मधल्या फटीतून येणारा उजेड म्हणजे तिथली खरी मिळकत. निघायच्या आदल्या रात्री मेट ऑफिसचा, म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा, हवेच्या दाबाचा नकाशा उघड, आघाडी कधी सरकतेय ते बघ आणि तो दिवस गाठ. नुसतं सूर्याचं चित्र असलेला दिवस गाठू नकोस.

मी आणि बाबा तुझ्याकडे आलो होतो तेव्हाचा दिवाणखान्यातला फोटो आठव. त्यात शिखर नाहीच. वरचा अर्धा डोंगर ढगात आहे, खालच्या एका सोंडेवर उन्हाची पट्टी आहे आणि लागनगार्व्हचं पांढरं घर पायथ्याशी एवढंसं दिसतंय. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हा डोंगर किती उंच आहे? स्टोब जेरग हे त्याचं सर्वांत उंच शिखर १०२१ मीटर, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा कितीतरी ठेंगणं. पण रॅनोख मूरच्या पाणथळ माळावरून तो एकदम उभा राहतो, आणि ढगाने माथा झाकला की बघणारा मनातल्या मनात त्याला हवा तेवढा वर चढवतो. निळ्या आकाशाखाली असं होत नाही.

इंद्रधनुष्याचा हिशेबही करता येतो. सूर्य ४२ अंशांच्या खाली असेल तरच ते जमिनीवरून दिसतं. जूनच्या दुपारी ग्लेनकोत ते शक्य नाही. हिवाळ्यात मात्र दिवसातल्या कुठल्याही सरीत शक्य आहे. ते नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला पडतं. २० मार्चच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, तेव्हा धबधब्यापासून पाहिलं तर कमानीचा डावा पाय डोंगराच्या अगदी शेजारी उतरायला हवा. पहिल्या बसने गेलास तर ही वेळ हुकेल. किंग्जहाउसपाशी आदल्या रात्री मुक्काम कर.

जॉर्ज आणि ॲश्ली अब्राहम या भावांबद्दल तुला सांगायचं राहिलं होतं. इंग्लंडमधल्या केझिकचे फोटोग्राफर, घरचा धंदाच तो. त्यांनी १९०० साली याच डोंगराची क्रोबेरी रिज ही कड्याची धार थेट चढून काढली. काचेच्या प्लेटा आणि जड कॅमेरा घेऊन ते कड्यांवर जात. मोजक्याच प्लेटा असताना माणूस काय करत असेल? उजेड येईपर्यंत थांबत असेल, आणि आला की तयार असेल. तुझ्या कार्डात हजारो फोटो मावतात, म्हणून तू वीस मिनिटांत सगळे काढून कॅफेत जाऊन बसलास. पुढच्या वेळी एका जागी तीन तास उभा राहा. भिजलास तरी चालेल, चांगलं जाकीट आहे.

आणि ढगाने काय दिलंय ते बघ. तिथून उत्तरेला वीस किलोमीटरच्या आत बेन नेव्हिस आहे. १८८३ ते १९०४ त्याच्या माथ्यावर हवामान वेधशाळा होती. सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण तिथे कामाला गेला. ढगांवर पडलेल्या सावल्यांभोवतीची रंगीत वलयं पाहून तो इतका भारावला की प्रयोगशाळेत ढग बनवायला लागला. त्यातून क्लाउड चेंबर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे माग दाखवणारं उपकरण, तयार झालं आणि १९२७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ते वलय म्हणजे आपलं इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या कडेला आपण दोघं ज्याच्यासाठी पहाटेपासून बसलो होतो, तेच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे ते पाहिलं १८३५ मध्ये. पाठीमागे सूर्य आणि पुढ्यात खाली ढग, एवढं जुळलं की ते सह्याद्रीतही दिसतं आणि स्कॉटलंडमध्येही.

बर्फात कॅमेरा फसतो, पांढऱ्याला करडं करतो. एक्स्पोजर एक-सव्वा स्टॉप वाढवून घे. लेन्स पुसायला दोन-तीन कोरडी फडकी ठेव. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी. उन्हाळ्यात वारा पडला की चिलटं नको करतात, तेव्हा उघड्यावर, वाऱ्यात उभा राहा.

हे मात्र आई म्हणून, आणि यात वाद नको. कूपलच्या काठचे खडक पावसात निसरडे असतात आणि पाणी झटक्यात चढतं. फ्रेम सुधारायला आणखी एक पाऊल पुढे टाकायचं नाही. हिवाळ्यात फोटोसाठी वर चढायचं नाही. जानेवारी २००९ मध्ये याच डोंगरावर हिमस्खलनात तिघं गेले, आणि ती डोंगर ओळखणारी माणसं होती. तिथली हिमस्खलनाची सूचना रोज प्रसिद्ध होते, ती वाचून मगच मित्रांबरोबर कुठे जायचं ते ठरव. मोटार घेऊन गेलात तर ग्लेन एटिव्हच्या अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट द्यायला जी जागा सोडलेली असते तिथे गाडी लावू नका. तिथल्या लोकांना त्याचा फार त्रास होतो.

फोटो डिलीट केले नसशील अशी आशा आहे. सगळ्या मूळ फाइली मला पाठव, काटछाट न करता, वेळेसकट. तू पाठवलेल्या त्या एका छोट्या फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात माळावर उजेडाचा डाग आहे, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे फोटो मला बघायचेत. बाबांनी तुझ्यासाठी रेन कव्हर घेतलंय, पुढच्या आठवड्यात कुरिअर करतील. पत्ता तोच आहे ना, ते कळव.

तुझी,
आई