दोष मतदाराचा नव्हे, वाराचा

अमेरिकी मतदारांच्या उदासीनतेवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. मतदार उदासीन आहेत म्हणून मतदान कमी होते, हा त्याचा निष्कर्ष पटला नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा मतदानाचा दिवस १८४५च्या कायद्याने ठरला. रविवार चर्चचा, बुधवार बाजाराचा, मध्ये घोडागाडीच्या प्रवासाला एक दिवस, असा तो शेतकऱ्यांच्या सोयीचा हिशेब होता. आज तासावर मजुरी घेणाऱ्याला त्या दिवशी देशभर सुट्टी नाही. अलाबामा, मिसिसिपीत तर सरसकट आगाऊ मतदानाचीही सोय नाही.

माझी बहीण जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात असते. तिच्या शेजारच्या आजीबाई घडीची खुर्ची पुढे सरकवत अडीच तास रांगेत होत्या. जॉर्जियाच्या २०२१च्या कायद्यानुसार मतदान केंद्रापासून १५० फुटांच्या आत अशा मतदाराच्या हाती कुणी पाण्याची बाटली दिली तर तो गुन्हा ठरतो. तहानलेल्याला पाणी देणे हा गुन्हा कसा होऊ शकतो?

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब नुसार मतदानासाठी भरपगारी सुट्टी मिळते. तिथेही डेमोक्रॅट खासदारांनी सुट्टीची विधेयके अनेकदा मांडली आहेत. अमेरिकी काँग्रेसने ती आधी मंजूर करावीत, मग मतदारांना उदासीन म्हणावे.

– एक वाचक, ठाणे