सूचना : रॅकची वायरिंग मिरवणुकीआधी तपासा

सर्व साउंडवाले सभासदांना नमस्कार. मिरवणुकीची गाडी महाद्वार रोडच्या गर्दीत शिरली की वायरिंग उघडायला जागाच मिळत नाही. म्हणून रॅक (अँप्लिफायर बसवलेली पेटी) आत्ताच उघडून बघा.

चार-चार अँप (अँप्लिफायर) एका १६ अँपिअरच्या पिनवर चालवू नका. २३० व्होल्टला ती पिन फार तर ३६८० वॅट देते, तेही नवी आणि घट्ट असेल तरच. मोठ्या रॅकला ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट आणि किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लावा. अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. निळे-करडे पॉवरकॉन (अँपला वीज देणारे, फिरवून लॉक होणारे कनेक्टर) चालू लोडवर कधीही ओढू नका, ते त्यासाठी बनलेलेच नाहीत. केबलचं भेंडोळं पूर्ण सोडा, गुंडाळलेली केबल तापते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी वायर. थ्री-फेज जनरेटरचा न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर व्होल्टेज २३० च्या कितीतरी वर जातं. मागच्या वर्षी माझे दोन अँप असेच गेले, कारण फक्त एक ढिला स्क्रू. न्यूट्रल फेजइतकाच जाड ठेवा, लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) क्रिंप करून, म्हणजे टूलने दाबून बसवा. पावसात अर्थिंग आणि आरसीसीबीशिवाय (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) गाडी बाहेर काढू नका, ट्रॉलीला आपलीच पोरं हात लावून असतात.

ज्यांच्याकडे क्रिंपिंग टूल नाही त्यांनी ग्रुपवर सांगा, माझं घेऊन जा.