कनिष्ठ वकिलांनी तीन वर्षे कशावर काढायची?

महोदय,

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये पुन्हा लागू केली. अट योग्यच आहे. परंतु माण-खटावच्या शेतकरी घरांतून येऊन साताऱ्यात खोली भाड्याने घेणाऱ्या मुलामुलींनी ही तीन वर्षे कशावर काढायची, याचा विचार झालेला दिसत नाही. गेल्या महिन्यात बाररूममध्ये एक ज्युनिअर मुलगी दिवसभर न्यायालयीन कागदांच्या नकलांचे (प्रतींचे) आणि मुदतवाढीचे अर्ज लिहून, खटल्याचा पुकारा होताच कोर्टात धावून, संध्याकाळी एसटीच्या भाड्यापुरते पैसे पर्समध्ये शोधत होती. वकिलीची सनद (परवाना) मिळून दीड वर्ष झाले, तरी तिला ठरावीक मोबदला नाही, हे मला फार लागले.

वकिलांची देशपातळीवरील नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. मात्र ती केवळ शिफारस आहे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने मुंबई न गाठताही अपिले आणि रिट अर्जांचे काम शिकण्याची मोठी संधी आमच्या जिल्ह्यातील तरुणांना मिळाली आहे, पण तेथे जाण्यायेण्याचा खर्चही त्यांना पेलवत नाही. राज्य शासनाने पहिल्या तीन वर्षांसाठी विद्यावेतन निधी उभारावा, आणि तोवर आम्ही सीनिअर मंडळींनी ठरावीक रक्कम दरमहा ज्युनिअरच्या बँक खात्यात जमा करावी.

– एक ज्येष्ठ वकील, सातारा