भाड्याची खोली फक्त पावसाळ्यापुरती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या घरांच्या किमतीवर हल्ली रोज काही ना काही छापून येतं आणि बहुतेक वेळा खापर दिल्लीवाल्यांवर फुटतं. ते घेतायत हे खरंच आहे, पण विकतंय कोण आणि शेताचा प्लॉट करायला परवानगी देतंय कोण हे पण बघायला पाहिजे ना. मी पेडणे तालुक्यातला, म्हणून आमच्याकडचंच लिहितो.

लॉकडाऊनमध्ये वर्क फ्रॉम होमवाले आले, मग डिसेंबर 2022ला मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं. मोरजी, मांद्रे, हरमल तर आधीच हाताबाहेर गेलं होतं, आता एजंट आत धारगळ, तुयेपर्यंत फिरतात आणि एकाने काय भावाने विकलं ते गावात कळलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा भाव तोच.

पण विकत घेणं सोडा, भाड्याचं काय? माझा भाचा वाळपईचा, त्याला विमानतळावर नोकरी लागली, खूप आनंद झाला सगळ्यांना. खोली बघायला मी सोबत फिरलो. एका ठिकाणी घरमालकीण चांगल्या बोलल्या पण म्हणाल्या, "बाबा, जूनात ये, सप्टेंबरअखेर खाली कर, ऑक्टोबरपासून टुरिस्ट येतात." बाकी ठिकाणी पण थोड्याफार फरकाने हेच. शेवटी पोरगा महाराष्ट्रात बांद्याला राहतोय आणि रोज पत्रादेवीचा चेकनाका ओलांडून गोव्यात कामाला येतो, स्वतःच्या राज्यात! त्या बाईंना मी दोष देत नाही, टुरिस्ट चार-पाच दिवसांत देतो तेवढं भाडेकरू महिनाभराचं देतो, आणि वर भाडेकरू निघालाच नाही तर, ही भीती. 1968चा भाडे नियंत्रण कायदा, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठीचा 1975चा कायदा, हे गरिबाला छप्पर मिळावं म्हणून आले आणि ते गरजेचेच होते, पण तेव्हापासून मालकांच्या मनात धाकधूक बसली ती बसलीच.

त्यामुळे घरं बंद राहतात. 2011च्या जनगणनेतच गोव्यात पाचातलं एक घर रिकामं होतं. आमच्या वाड्यावर एक मोठं घर आहे, वारसदार मुंबईला, लंडनला, कुठेकुठे. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात मुलगे-मुली सगळ्यांचा हिस्सा, शिवाय विकायचं तर नवरा-बायको दोघांची सही, हे न्यायाचंच आहे, पण त्या सगळ्या सह्या जमेपर्यंत कौलं पडली, वासे कुजले, आता अंगणात झाड उगवलंय. असं घर शेवटी ज्याच्याकडे पैसा आणि वकील दोन्ही आहेत तोच घेतो.

आणि सरकार काय करतं, तर नगर नियोजन कायद्यात 2023ला 17(2) कलम आणलं, प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करायला म्हणून. त्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025ला रद्द केले, पण तोपर्यंत 2024ला जमिनीचा झोन बदलून देणारं 39अ कलम येऊन बसलं होतं. शेत, भाट (माडांची बाग), ऑर्चर्डची जमीन सेटलमेंट, म्हणजे घरं बांधायची, झाली की रातोरात तिची किंमत वाढते आणि तिथे उभं काय राहतं, तर स्विमिंग पूलवाले व्हिला. जमीन मोकळी केली की घरं स्वस्त होतील असं जे सांगतात त्यांनी एकदा आमच्या भागात येऊन दाखवावं की त्यातलं एक तरी घर पगारदार माणसाला परवडतं का.

माझं म्हणणं एवढंच की 39अ काढून टाका, मोपाजवळ गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी बारा महिने भाड्याने मिळतील अशा खोल्या बांधाव्यात, आणि टुरिस्टला घर देणाऱ्याने नोंदणी करायची हे 1982च्या कायद्यात आहेच, तर ती केली की नाही ते पंचायतीला बरोबर घेऊन तपासा.

तुम्हाला पण एक विनंती. झोन बदलाच्या नोटिसा राजपत्रात येतात आणि हरकत घ्यायला 30 दिवस असतात, पण राजपत्र वाचतं कोण. तुम्ही दर आठवड्याला गाव आणि सर्व्हे नंबरसकट त्या छापा, आम्ही हरकती घेतो.

आपला,
एक वाचक, पेडणे