शिक्षकांचा प्रशिक्षक आपोआप घडत नाही

संपादक महोदय,

वर्गात उत्तम इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाला एक दिवस सांगितले जाते, 'आता तुम्ही इतरांना प्रशिक्षण द्या.' मधली तयारी कुणी करून घेत नाही. मुलांना शिकवणे आणि शिकवणाऱ्यांना घडवणे ही दोन निराळी कामे आहेत, हे नेमणूक करणाऱ्यांच्या गावीही नसते.

जीन मरे आणि ट्रेव्हर मेल यांनी 2005 मध्ये इंग्लंडमधील 28 शिक्षक-प्रशिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळेच शाळेत नाव कमावून आलेले. तरीही या नव्या पेशात आपली ओळख रुजायला त्यांतल्या बहुतेकांना 2 ते 3 वर्षे लागली. अनुभवी माणसाची ही गत, तर दोन दिवसांच्या उजळणी वर्गाने काय साधणार?

इंग्रजीच्या प्रशिक्षकापुढे आणखी एक पेच असतो. इंग्रजी हा विषयही आणि बहुधा माध्यमही. आपला उच्चार चुकेल की काय, या धास्तीने तो भाषेवरचे प्रभुत्वच सिद्ध करत बसतो. मग समोरचे शिक्षकही शंका विचारायला कचरतात.

खरी कसोटी लागते ती शिक्षकाचा पाठ पाहिल्यानंतरच्या चर्चेत. नवखा प्रशिक्षक इथे हमखास म्हणतो, 'मी असतो तर असे केले असते.' हा त्याच्यातला शिक्षक बोलत असतो. दहा-बारा सूचनांचा मारा होतो आणि पुढच्या पाठात त्यांतली एकही उतरत नाही, कारण त्यांतली महत्त्वाची कोणती हे शिक्षकाला कळलेलेच नसते. निरीक्षणाच्या वहीत डाव्या बाजूला वेळ आणि घडले ते लिहावे, उजव्या बाजूला आपला शेरा. उदाहरणार्थ, '10.12 – कागद वाटले, मग सूचना दिली; मागच्या बाकावरच्या चौघांनी शेजारच्याला विचारले.' चर्चेत आधी फक्त डावी बाजू वाचून दाखवावी आणि थांबावे. सूचना आधी द्यायला हवी होती, हे पुष्कळदा शिक्षक स्वतःच सांगतो. बदलायच्या गोष्टी दोनच निवडाव्यात. जे जमले तेही नेमके सांगावे. नुसते 'छान झाला पाठ' म्हणण्याने काहीही हाती लागत नाही.

नमुना पाठाचेही तेच. शिक्षक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. शिक्षक-प्रशिक्षक टेसा वुडवर्ड यांनी मांडलेली 'लूप इनपुट' ही पद्धत, म्हणजे जे तंत्र शिकवायचे ते त्याच तंत्राने शिकवणे, इथे फार उपयोगी आहे. श्रुतलेखन कसे घ्यावे हे शिकवायचे, तर श्रुतलेखनाचे फायदे-तोटे सांगणारा उताराच शिक्षकांना श्रुतलेखनाने लिहायला द्यायचा. मात्र त्यानंतर पायऱ्या क्रमाने आठवून त्यांची कारणे बोलायला वेळ राखून ठेवावा लागतो. घाईत नेमका हाच भाग गळतो आणि उरतो तो केवळ खेळ.

तयारी कशी असावी, याचा नमुना उपलब्ध आहे. इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठीच्या केंब्रिजच्या सेल्टा या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात प्रत्येक प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष वर्गावर 6 तास शिकवतो. आणि तिथे प्रशिक्षक व्हायचे तर आधी मान्यताप्राप्त प्रशिक्षकांच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. सर्वत्र इतके जमेल असे नाही. पण नव्या प्रशिक्षकाने किमान एक पूर्ण प्रशिक्षण जाणत्याच्या शेजारी बसून पाहावे, दुसरे त्याच्या जोडीने घ्यावे आणि त्याने घेतलेल्या चर्चेचेही कुणीतरी निरीक्षण करावे, एवढा आग्रह तरी धरायलाच हवा. शिवाय आठवड्याला एक तास का होईना, स्वतःचा वर्ग सोडू नये. वर्ग सुटला की सल्ले हवेतले होतात, आणि ते शिक्षकांच्या चटकन लक्षात येते.

शिक्षकांच्या पाठांना गुणही प्रशिक्षकानेच द्यायचे असतील, तर कोणत्या पाठाला गुण आहेत आणि कोणता केवळ सरावाचा, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगावे. नाहीतर शिक्षक अडचणी लपवतात आणि मदत नेमकी कुठे करायची तेच कळत नाही.

– इंग्रजी शिक्षकांचा एक प्रशिक्षक