बॉयलर अटेंडंटची परीक्षा: दत्ताला पत्र

प्रिय दत्ता,

सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसायचं म्हणतोस, तर पुस्तकाआधी अनुभवाचा दाखला हातात घे. अर्ज अडतात ते तिथेच.

'बॉयलर विभागात हेल्पर होते' एवढ्यावर भागत नाही. हेल्पर राख काढतो, बगॅस (उसाचं चिपाड) ओढतो, कधी नुसता झाडू मारतो. बाष्पके संचालनालयाला हवा असतो बॉयलर चालवण्याचा अनुभव. दाखल्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक, हीटिंग सरफेस (उष्णता घेणाऱ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ), कामाचा दाब, तुझा हुद्दा आणि नेमकं काम येऊ दे. आपण तासाला किती टन वाफ होते त्यावरून 'पाच टनी बॉयलर' म्हणतो, कागदावर मात्र चौरस मीटर लागतात. ते फॉर्म ६ वर, म्हणजे बॉयलर वापराच्या प्रमाणपत्रावर, सापडतील. तू हंगामी माणूस, तेव्हा प्रत्येक हंगामाच्या तारखा वेगळ्या लिहून घे. सलग वर्षं मांडलीस आणि हजेरी, पगारपत्रक, पीएफ जुळले नाहीत, तर खऱ्या अनुभवावरही संशय येतो. एकूण हीटिंग सरफेस १००० चौरस मीटरच्या वर असेल, तर तिथे बॉयलर ऑपरेशन इंजिनीअर असतोच; त्याचीही सही घे.

तोंडी परीक्षेत गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी, हमखास विचारतात. ड्रेन (खालचा निचऱ्याचा कॉक) उघडा ठेवून स्टीम कॉक बंद केला की पाणी जोरात यायला हवं. मग तो उघडून पाण्याचा कॉक बंद केला की वाफ. शेवटी ड्रेन बंद, दोन्ही कॉक उघडे, आणि पाणी झटकन चढलं पाहिजे. हळू चढलं तर पाण्याची वाट तुंबलेली. स्टीमची वाट तुंबली, तर वरची वाफ थंड होऊन पाणी खोटंच वर दिसतं, आणि ड्रममध्ये (बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीत) ते कमी असतं. हे 'का' सांगता आलं पाहिजे, नुसती क्रिया पाठ करून चालत नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला: ग्लासात पाणीच नाही, काय करशील? फीड पंप चालू करतो म्हणालास की संपलंच. तापून लाल झालेल्या ट्यूबवर गार पाणी पडलं, तर धातू फाटतो, वाफ एकदम उसळते. बगॅस फीडर आणि एफडी फॅन (जाळाला हवा देणारा पंखा) बंद, मेन स्टीम व्हॉल्व बंद, सेफ्टी व्हॉल्वला हात लावायचा नाही, दाब एकदम उतरू द्यायचा नाही. बगॅस जाळीवर जळत राहतो, त्यामुळे उष्णता लगेच जात नाही, हेही सांग.

जुन्या गाइडांत १९२३ चा कायदा असतो. १ मे २०२५ पासून बॉयलर्स अ‍ॅक्ट २०२५ आहे, तेवढं लक्षात ठेव.

दाखल्याचा कच्चा मसुदा सहीआधी मला पाठव.

तुझा,
रमेश