कोर्स संपला, त्याबद्दल सगळं सांगायचंय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर रोज बोलतोच आपण, पण बीपीच्या गोळ्या घेतल्या का, दादाकडे आज काय केलं होतं, पुण्यात थंडी किती, एवढ्यातच वेळ जातो, आणि मला जे सांगायचंय ते असं मध्येच कुकरची शिट्टी झाली म्हणून थांबवण्यासारखं नाहीये, म्हणून पत्र. बाबा, डोळ्यांचे थेंब चालू आहेत तोवर तुम्ही स्वतः वाचायचं नाही हं. आई वाचून दाखवेल. मी लिहितानाच तसं मनात धरून लिहितेय, आई वाचतेय आणि तुम्ही खुर्चीत डोळे मिटून ऐकताय.

तर कॉलेजचा लेखनाचा कोर्स संपला. शेवटी लेखी परीक्षा नव्हती, वर्षभरात जे जे लिहिलं त्याची फाइल द्यायची, कच्च्या खर्ड्यांसकट, आणि सोबत दोन पानं स्वतःबद्दल, की तू कशी लिहीत होतीस आणि आता कशी लिहितेस. ऑफिसमधून दमून यायचं आणि जेवण झालं की रात्री दांडिया बाजारातल्या त्या मधल्या खोलीत बसायचं, बाहेर स्कूटरचे हॉर्न चालूच, आणि मी आपली ती दोन पानं घेऊन. लिहिता लिहिता लक्षात आलं की यातलं निम्मं तर तुम्हालाच सांगायला हवं.

बाबा, मी आपल्या बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीवर, म्हणजे सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या त्या ग्रंथालयावर, लेख लिहितेय म्हणाले होते ना, तो. पहिला खर्डा मी एका बैठकीत लिहून टाकला होता. दूरदृष्टीचे राजे, प्रजाहितदक्ष, ज्ञानाची गंगा घरोघरी नेणारे, असं सगळं. शाळेत निबंधाला आपण असंच लिहायचो आणि दहापैकी आठ मार्क मिळायचे. मॅडमनी काहीच खोडलं नाही, फक्त खाली पेन्सिलीनं लिहिलं, "हे कोणत्याही राजाबद्दल लिहिता येईल. यात सयाजीराव कुठे आहेत?"

त्या एका ओळीनं माझं लिहिणं बदललं, खरंच सांगते. मी शनिवारी मांडवीला गेले, लहानपणी तुमचं बोट धरून जायचे तिथेच, पण या वेळी नुसती बघत उभी राहिले. कपाटं लोखंडी आहेत आणि वरच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, जाडजूड काच, म्हणजे वरचा उजेड झिरपत खालच्या पुस्तकांपर्यंत यावा. लहानपणी मला त्या काचेवर पाय ठेवायची भीती वाटायची आणि तुम्ही म्हणायचात काही होत नाही, चल. हे सगळं माझ्याजवळ होतं आणि तरी मी ज्ञानाची गंगा लिहीत बसले होते!

दुसऱ्या खर्ड्यात मी सनावळी भरली. १८९३ला अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ला सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं, १९१०ला बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यात. सगळं बरोबर होतं पण ओळीनं उभं केल्यासारखं, एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नाही. मॅडमनी वर्गात एवढंच विचारलं, "मग? यातलं एक झालं म्हणून दुसरं झालं का?" त्यावर मी घरी येऊन पुन्हा सगळं वाचून काढलं आणि मग हळूहळू धागा हाताला लागला. मुलं शाळेत सक्तीनं आली, चार इयत्ता शिकली, पण पुढे घरात एकही पुस्तक नसेल तर ती शिकलेली अक्षरं किती दिवस टिकणार? महाराज १९०६मध्ये अमेरिकेला गेले होते, तिथली कोणालाही उघडी असलेली वाचनालयं त्यांनी पाहिली होती, आणि म्हणून बॉर्डनना बोलावलं, ते तीन वर्षं इथे राहिले, आणि मग मांडवीतलं मोठं ग्रंथालय एवढ्यावर न थांबता लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवायची पद्धत सुरू झाली. म्हणजे शाळा आणि लायब्ररी ही दोन कामं नव्हतीच, एकच काम होतं.

आणि यात मला सगळ्यात हलवून गेलेली गोष्ट म्हणजे हे ज्यानं केलं तो मुलगा नाशिककडच्या कवळाण्याचा, १८७५मध्ये दत्तक म्हणून बडोद्यात आला तेव्हा बारा वर्षांचा, आणि तोपर्यंत त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. हे तुम्ही मला कितीदा तरी सांगितलंय बाबा. पण मी ते लेखाच्या सुरुवातीला जन्मसालासारखं लिहून टाकलं होतं. तिसऱ्या खर्ड्यात ते पेट्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं, आणि एकही विशेषण लागलं नाही.

आमच्या वर्गात एकमेकांचं लिखाण वाचायचं असतं. वाचून छान आहे म्हणायचं नाही, कुठे अडलो ते सांगायचं. माझ्या जोडीला एक मुलगा होता, विशीतला, शिकला सगळा गुजरातीतून, मराठी फक्त घरातली. त्यानं आजोबांवर लिहिलं होतं, खंडेराव मार्केटात फुलं विकायचे ते. शुद्धलेखन पार इकडचं तिकडे, पण त्यात एक जागा होती की आजोबा संध्याकाळी उरलेल्या झेंडूच्या पाकळ्या सोडवून वेगळ्या करायचे कारण मोकळी पाकळी दुसऱ्या दिवशी रांगोळीवाले घेऊन जायचे. हे त्याच्याशिवाय कोण लिहिणार होतं? मी त्याच्या वेलांट्या नीट करून दिल्या आणि त्यानं माझ्या लेखातल्या पाच-सहा ओळींखाली रेघ मारून विचारलं, दीदी हे तुम्ही बोलताना असं बोलता का. नाही बोलत. त्या ओळी गेल्या.

आता आई, तुझं. मागे नागपूरला गेले तेव्हा मावशीनं तुझ्या जुन्या पत्रांचा गठ्ठा माझ्या हातात दिला होता, तो मी कपाटात ठेवून दिला होता तो आता काढला. कारेलीबागेत आपण भाड्यानं राहायचो आणि विश्वामित्रीला पूर आला होता, त्या वेळचं इनलँड पत्र आहे एक. तू लिहिलंयस, "पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं, तिसरीला शिवलं नाही. पिठाचा डबा माळ्यावर ठेवलाय आणि मनूला पण तिथेच बसवलंय, ती खूश आहे." बस. पुढे लगेच मावशीच्या गुडघ्यांची चौकशी. भीती वाटली असं कुठेही म्हटलेलं नाही आणि मला वाचताना घशाशी आलं. इनलँडची जागा संपली म्हणून तू समासात उभं लिहिलंयस, मग चिकटवायच्या पट्टीवर सुद्धा, पण फालतू एक शब्द नाही. कोणाला लिहितोय आणि तिला काय कळायला हवं हे तुला पक्कं माहीत होतं. आम्हाला वर्गात यावर दोन आठवडे शिकवलं, आई! मी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं (मावशीला विचारून, आणि तुला आत्ता सांगतेय, रागावू नकोस). मॅडमनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

आणि बाबा, तुमचं ते "आधार काय?" रेल्वेच्या हिशेबखात्यात आयुष्य गेलं तुमचं, व्हाउचरशिवाय पैसा नाही तसं आधाराशिवाय बोलणं नाही. लहानपणी मी शाळेतनं येऊन काहीही सांगितलं की तुम्ही हे विचारायचात आणि मला भयंकर राग यायचा. आता मी स्वतःच्या प्रत्येक परिच्छेदाला विचारते. पुस्तकात आहे का, मी पाहिलंय का, की नुसतं ऐकलंय. ऐकलेलं असेल तर कोणाकडून ते लिहिते, नाहीतर काढून टाकते.

मोठ्यानं वाचायची सवय पण लागलीय. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडायचं. (हे पत्र नाही वाचलं मोठ्यानं, हे तुमच्याशी बोलतेय त्यामुळे आईला मध्ये मध्ये दम घ्यावा लागेल.) सुरुवात कशी करायची हे अजून जमत नाही पटकन, पहिली दोन पानं लिहून झाल्यावर मग खरी सुरुवात सापडते, पण आता त्याचा त्रास वाटत नाही, ती दोन पानं लिहावीच लागतात. आणि मी लिहू शकते हे मला आता आतून माहीत आहे. मार्कांवरनं नाही. पूर्वी लिहून झालं की कोणीतरी चांगलं म्हणेपर्यंत जीव टांगणीला असायचा, आता कुठे बरं झालंय आणि कुठे कच्चं आहे ते माझं मलाच दिसतं.

पुढचा लेख डभोईच्या छोट्या गाडीवर लिहायचाय. १८६२मध्ये डभोई ते मियागाम रूळ टाकले आणि सुरुवातीला डबे बैल ओढायचे, इथपर्यंत माझ्याकडे आहे. पण तुम्ही नोकरीच्या सुरुवातीला त्या गाडीनं जायचात ते कुठल्याच पुस्तकात नाही. तर मला हे हवंय: डब्यात बाकं कशी होती, समोरासमोर की लांबच्या लांब? पावसात गाडी मध्येच थांबायची म्हणायचात, ती कुठे आणि मग लोक काय करायचे? डब्यात कसला वास यायचा? प्रतापनगरला उतरल्यावर पहिला चहा कुठे? तुम्ही सांगा आणि आई लिहून घेईल. आई, ते बोलतील तसंच लिही, नीटनेटकं करू नकोस. आणि बाबा सांगताना तू मध्येच "असं नव्हतं हो" म्हणशील ते पण लिही. घाई नाही, थेंबांचा कोर्स झाला की मग.

घराची काळजी करू नका. वरच्या टाकीचा वॉल्व्ह बदलून घेतला, तुळशीला शेजारच्या बेन पाणी घालतात मी उशिरा आले की. लिलो चेवडो आणि भाकरवडी दादाच्या मित्राबरोबर पाठवतेय, बाबांना दोनच द्यायच्या.

तुमची,
मनू